सिनेमा-मालिकांतली अभिनेत्री व्हायचंय? नागपुरातून मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

११ वर्षं मी मुंबईत मालिकांमध्ये कामं केली, चार-पाच सिनेमांतही दिसले. नायिकेची वहिनी, नायकाची मावशी, एकदा वकील, तीनदा नर्स. रस्त्यात लोक थांबून बघतात, पण नाव आठवत नाही, त्यातली नटी मी. आता नागपुरात असते आणि रविवारी सकाळी मुलींची कार्यशाळा घेते. बारावीचे पेपर संपले की फोन सुरू होतात. प्रतापनगरातून आले काय नि उमरेडहून आले काय, प्रश्न तेच. म्हणून इथे एकदाच लिहून ठेवते. ज्यांना फक्त ‘हो, तुझ्यात दम आहे’ एवढंच ऐकायचंय, त्यांनी मामाला फोन करावा.

मुलगी दिसायला चांगली आहे, गॅदरिंगमध्ये दरवर्षी बक्षीस घेते. सिनेमात चालेल का?

सांगता येत नाही, आणि जो फोनवर सांगतो तो खोटं बोलतो. दिसणं हा ऑडिशनमधल्या पहिल्या दहा सेकंदांचा विषय. त्यानंतर समोरची माणसं वेगळंच बघत असतात. मुलगी समोरच्याचं ऐकते का, की आपलं वाक्य कधी येतं म्हणून टपून उभी राहते? गॅदरिंगमध्ये मोठ्यानं बोलायची सवय लागलेली असते, कारण शेवटच्या रांगेतल्या आजीला ऐकू जायला हवं. कॅमेरा दोन फुटांवर असतो. तिथे भुवई उडवली तरी आरडाओरडा होतो.

मी मुलींना पहिल्या दिवशी एक वही करायला लावते. तिच्यात एकच नोंद: आज काम केलं का, कुठे, कोणाबरोबर. तालीम, प्रयोग, आकाशवाणीचं रेकॉर्डिंग, जाहिरातीत मागे उभं राहणं, सगळं धरायचं. ऑडिशन धरायची नाही, ते काम मागणं झालं. माझ्या वहीत मुंबईतल्या पहिल्या वर्षी १९ दिवस आहेत, दुसऱ्या वर्षी ६१. या धंद्यात माझं काय चाललंय हे मला त्या वहीनंच खरं सांगितलं, बाकीचे लोक धीर देत होते.

अभिनेत्रीचा दिवस नेमका कसा असतो?

मालिकेतला सांगते, कारण नव्या मुलीला पहिलं काम बहुधा तिथेच मिळतं. आदल्या रात्री असिस्टंट डायरेक्टरचा मेसेज येतो: कॉल टाइम सकाळी सात. म्हणजे सातला मेकअपच्या खुर्चीत. शिफ्ट १२ तासांची. सेट ठाण्याच्या घोडबंदर रोडला, गोरेगावच्या चित्रनगरीत, मढला नाही तर मीरा रोडला. घर दुसऱ्या टोकाला असेल तर त्या १२ तासांच्या मागेपुढे प्रवास जोडा.

दैनंदिन मालिकेचा एक भाग म्हणजे जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं. ती आठवड्याला सहा वेळा भरायची, कधी सातही वेळा. त्यामुळे पानांमागून पानं उडवली जातात आणि संवाद कधी कधी लाइट लागल्यावर हातात पडतात. पाठांतर पक्कं नसेल तर सगळं युनिट तुमच्याकडे बघत उभं राहतं. त्या नजरा मी खाल्ल्या आहेत.

‘बँक’ हा शब्द तिथे पैशांचा नाही. प्रक्षेपणाच्या पुढे किती भाग तयार आहेत, ती बँक. बँक संपली की आज केलेलं परवा दिसतं, आणि मग कुणाच्या घरचं लग्न-बारसं कुणी विचारत नाही. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती लोकांनी बघितली त्याचे, आकडे येतात. ते पडले की ‘ट्रॅक’, म्हणजे कथेचा धागा, बदलतो आणि दोन आठवड्यांनी घरातली वहिनी अचानक माहेरी जाते. माझी एकदा अशीच गेली. मालिका पुढे दीड वर्ष चालली, वहिनी काही परत आली नाही. कुणी फोन करूनही सांगितलं नाही. कॉल टाइमचा मेसेज येणं बंद झालं, त्यावरून कळलं.

उरलेला दिवस वाट बघण्यात जातो. सकाळी सातला तयार झालेल्या बाईचा पहिला शॉट दुपारी चारला लागू शकतो, आणि तोही रडण्याचा. बांगड्या किती, टिकली कुठे, पदर कसा, सगळं कंटिन्युइटीच्या, म्हणजे आधीच्या शॉटशी मेळ राखायच्या, फोटोप्रमाणे. म्हणून मधल्या वेळात आडवंही होता येत नाही. नऊ तास बसून राहून चार वाजता चेहरा ताजा ठेवायचा, हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. आणि हो, सेटवरचं जेवण आपल्या जिभेला फार मऊ लागतं. ठेच्याची बाटली सोबत ठेवा, मैत्रीही लवकर होते.

ऑडिशनसाठी दर वेळी मुंबईला जायचं का?

आता नाही. पहिली फेरी बहुतेक वेळा सेल्फ-टेपवर होते. घरी व्हिडिओ करून पाठवायचा. पुढे निवड झाली तर लूक टेस्ट, मॉक शूट म्हणजे चाचणीचं चित्रीकरण, मग वाहिनीची मंजुरी. त्याला जावं लागतं.

टेप करताना फोन आडवा, मागे साधी भिंत, उजेड तोंडावर, फिल्टर अजिबात नाही. आधी नाव, वय, उंची, शहर, मग डावी-उजवी बाजू दाखवायची, मग उतारा. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कुणालातरी उभं करा, पण त्यानं अभिनय करू नये. एका मुलीच्या टेपमध्ये तिचे बाबाच जास्त रडले होते.

नागपूरची खास अडचण म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यात इथून गेलेल्या निम्म्या टेपांमध्ये संवादामागे धो धो पाऊस पडत असल्यासारखा आवाज असतो. ४५ अंशांत कूलर बंद करून भरदुपारी टेप करणं शक्य नाही हे मलाही कळतं. पहाटे साडेपाचला करा. पक्षी चालतात.

आमच्या बोलण्यातलं वऱ्हाडी-नागपुरी जात नाही. काय करावं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारताना आवाज सगळ्यात खाली गेलेला असतो.

मुंबईतल्या माझ्या पहिल्याच सेटवर मी सहज म्हटलं, ‘मी साडी बदलून राहिली आहे.’ मेकअप रूममध्ये हशा पिकला. पुढे आठ दिवस जो तो ‘जेवून राहिलीस का?’ विचारत होता. मी घरी जाऊन रडले आणि वर्षभर तोंडातून एकेक शब्द तपासून काढला. आता वाटतं, अर्धी मेहनत चुकीच्या दिशेनं गेली.

आपली बोली म्हणजे चूक नाही, तिला स्वतःचं व्याकरण आहे. ‘करून राहिलो’ हे चालू असलेल्या कामाचं आपलं रूप. खेड्यात बाईही ‘मी जातो’, ‘मी येतो’ म्हणते. ‘मले-तुले’, ‘काऊन’, डोळ्याचा ‘डोया’, पाण्याचं ‘पानी’, आणि शहरात वर हिंदीचा शिडकावा. हे सगळं ठेवा. पण दुसरी भाषाही तितकीच स्वच्छ यायला हवी, कारण मालिकांतलं बहुतेक घर पुण्या-मुंबईकडचं बोलतं. म्हणजे बोली घालवायची नाही, दोन दारं करायची. एका दारातून आत गेलं की दुसऱ्यातून आवाज येता कामा नये.

त्यासाठी साधा उपाय. रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन, रेकॉर्ड करून ऐकायचं. ‘ळ’ आणि ‘ण’ आधी पकडा. आकाशवाणीच्या बातम्या ऐका. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ पासून चालू आहे, आणि इथल्या कित्येक नटांनी उच्चार तिथेच कमावले. नाटक-कलाकार म्हणून आकाशवाणीची स्वरपरीक्षा देता येते. पास झालात तर श्रेणी मिळते आणि थोडं मानधनही. माइकसमोर हळू बोलूनही भाव पोचवायचा, ही कॅमेऱ्याची अर्धी तयारी तिथे होते.

आणि बोलीची किंमत कमी समजू नका. अकलूजच्या रिंकू राजगुरूला शाळेत असतानाच, २०१६ साली आलेल्या ‘सैराट’साठी राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला, आणि तिचं बोलणं कुणी पुण्याच्या साच्यात घालायला गेलं नव्हतं. आपल्याकडची अडचण वेगळी आहे. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडीला टीव्हीवर घरोघरी नेलं, पण त्यानंतर वऱ्हाडी म्हटलं की लोक हसायच्या तयारीनं बसतात. वऱ्हाडीत रागावणारी, प्रेम करणारी, गप्प बसणारी बाई पडद्यावर अजून फारशी आलेली नाही. ती जागा मोकळी आहे.

शिकायचं कुठे?

पुण्यात एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटला पडद्यावरच्या अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा, त्याला पदवी हवी आणि आधी नाटकांत काम केलेलं हवं. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी कलिन्याला आहे. आपल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठातही ललित कला विभागात नाट्यशिक्षण होतं. ‘तीन महिन्यांत स्टार’ म्हणणाऱ्या जाहिराती सोडून द्या. तीन महिन्यांत शिवणकाम येत नाही.

पण माझं मत विचाराल तर आधी राज्य नाट्य स्पर्धा. हौशी संस्थेत शिरा, पहिलं वर्ष प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळा, चहा आणा, प्रॉम्प्टिंग करा. रात्री अकरापर्यंत तालीम, मग दादाच्या स्कूटरवर घरी, सकाळी कॉलेज. सायंटिफिक सभागृहात किंवा देशपांडे सभागृहात पडद्यामागे अंधारात उभं राहिल्यावर पोटात जो गोळा येतो, तो एकदा येऊन गेलेला बरा. मुंबईत पहिल्यांदा आला तर महाग पडतो. राजकुमार हिरानीही नागपूरचेच. इथे हिंदी नाटकं करता करता ते एफटीआयआयला गेले आणि संकलन शिकले. म्हणजे नाटकाच्या दारातून शिरून दुसऱ्याच खोलीत बसायलाही हरकत नाही.

झाडीपट्टीत काम केलं तर मुंबईत नाव खराब होतं, असं म्हणतात.

कोण म्हणतं? ज्यांनी एक रात्रही पाहिली नाही ते.

दिवाळी झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात नाटकांचा हंगाम उभा राहतो. गावात मंडई म्हणजे जत्रा, नाही तर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. कंपन्यांची ठाणी वडसा म्हणजे देसाईगंजला. प्रयोग रात्री सुरू होतो आणि उजाडताना संपतो. मधे गाणी, लावणी, ऑर्गन, ऑक्टोपॅड, आणि समोर हजारोंचा जमाव, घोंगड्या पांघरून, शेकोटी करून. नागपूरच्या कितीतरी नट्या हंगामभर तिकडे जातात. मोजणी ‘नाईट’वर होते. इतक्या नाईट, इतके पैसे. थिएटरचं अनुदान नाही की प्रायोजक नाही. लोक तिकीट काढतात आणि नाटक चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी.

त्याचा तोटाही सांगते. सतत मोठ्या जमावासमोर काम केलं की आवाज आणि हात मोठे होतात. कॅमेऱ्यासमोर ते आवरायला वेळ लागतो. मी झाडीपट्टीतून आलेल्या मुलींना पहिला महिना हात खिशात ठेवून काम करायला लावते. पण पहाटे चारला, थंडीत, घसा बसलेला असताना प्रेक्षकाला झोपू द्यायचं नाही, हे ज्या मुलीला येतं तिला मालिकेची १२ तासांची शिफ्ट घाबरवू शकत नाही. वहीतले दिवस तर भराभर वाढतात.

पैसे किती मिळतात?

आकडा माणसागणिक, वाहिनीगणिक बदलतो, म्हणून पद्धत सांगते. मालिकेत ‘पर डे’ ठरतो, महिन्याचा पगार नसतो. त्यामुळे दर काय हे विचारताना महिन्याला किमान किती दिवस देणार, हेही विचारायचं आणि करारात लिहून घ्यायचं. दर मोठा आणि महिन्याला चारच दिवस, यापेक्षा दर थोडा कमी आणि १५ दिवस पक्के, हे मी केव्हाही घेईन. काम जुळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरमार्फत काम मिळालं असेल तर त्याचं कमिशन त्यातूनच जातं.

दुसरं, पैसे लगेच मिळत नाहीत. टीव्हीत ९० दिवसांनी पैसे देण्याचा रिवाज आहे. जूनमधलं काम, पैसे सप्टेंबरात. नवी मुलगी पहिल्या कामाच्या आनंदात भाड्याचं घर घेते आणि तीन महिने उधारीवर काढते. १० टक्के टीडीएस कापून येतो. वर्षाचं उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून तो परत मागता येतो. माझा पहिल्या दोन वर्षांचा तसाच राहिला, कारण मला वाटायचं कर म्हणजे मोठ्या लोकांचं काम. सीताबर्डीवरचा एखादा साधा सीएसुद्धा हे करून देतो.

करारात आणखी दोन गोष्टी बघा. या मालिकेत असताना दुसरीकडे काम करता येईल का, आणि सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस. सही करायच्या आधी वकिलाला दाखवायला एक दिवस मागितला तर कुणी काम काढून घेत नाही. घेतलं, तर बरंच झालं.

एका एजन्सीनं निवड झाल्याचं सांगून रजिस्ट्रेशनचे पैसे मागितलेत. भरू का?

नाही. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्यानं द्यायचे नसतात. रजिस्ट्रेशन फी, आर्टिस्ट कार्ड, वर्कशॉपची सक्ती, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’, ही सगळी एकाच झाडाची फळं. पहिल्या ऑडिशनला कुणाचंही कार्ड लागत नाही. खिडकीजवळ काढलेले पाच साधे फोटो पुरतात. आणि पैसे गेलेच असतील तर लाजून बसू नका, सायबर फसवणुकीसाठी १९३० वर लगेच फोन करा.

नोकरी सोडून जाऊ का?

रीमा लागूंचं उदाहरण मी प्रत्येक वर्गात देते. नाटक, सिनेमा करत असताना त्या युनियन बँकेत नोकरीला होत्या, आणि तीही दहा वर्षं. पडद्यावर ज्या बाईला आपण सगळ्यांनी आई मानलं, ती सकाळी मस्टरवर सही करत होती. तेव्हा बँकांना नाट्यस्पर्धांची हौस होती, सवलत मिळायची. आज तशा नोकऱ्या कमी. तरी पहिलं वर्ष नोकरी धरून सेल्फ-टेप पाठवा. निदान वर्षभराचं भाडं आणि जेवण हातात असल्याशिवाय गाडीत बसू नका. पोटात भूक असली की माणूस वाईट कामाला हो म्हणतो. मी म्हटलंय.

सिनेमा मोठा की मालिका?

पूर्वी विचारायचे तसा हा प्रश्न आता उरला नाही. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचता वाचता श्याम बेनेगलांच्या नजरेत भरली, आणि ३१ वर्षांच्या आयुष्यात दोन राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेली. मृणाल ठाकूर हिंदी मालिकांतून आली. काम म्हणून फरक एवढाच, की सिनेमात शेवट माहीत असतो. मालिकेत आपलं पात्र चांगलं की वाईट हे सहा महिन्यांनी कळतं. मालिका घर चालवते, सिनेमा नाव देतो. क्वचित उलटंही होतं.

नागपुरातच कॅमेरा आला तर सोडू नका, मागच्या रांगेत उभं राहायला मिळालं तरी. २०२२ मध्ये आलेल्या ‘झुंड’चं चित्रीकरण इथे झालं आणि त्यातली बरीच पोरं इथल्याच वस्त्यांमधली होती, आधी कॅमेऱ्यासमोर कधीही न उभी राहिलेली.

वय किती चालतं?

तुमचं खरं वय कुणी विचारत नाही, पडद्यावरचं ‘एज ब्रॅकेट’ विचारतात. बाईचं वय तिथे फार भरभर वाढतं. पुन्हा रीमाताईच. जन्म १९५८चा. १९८९ मध्ये त्या सलमान खानची आई झाल्या, तो सात वर्षांनी लहान. १९९९च्या ‘वास्तव’मध्ये संजय दत्तची आई, तो एका वर्षानं लहान. पुरुष नट पन्नाशीत नायक असतो, हे मी चिडून सांगते की हसून, ते त्या दिवशीच्या मूडवर. पण त्यातच एक सोय आहे. आई, आत्या, सासू, वकील, मुख्याध्यापिका यांची गरज प्रत्येक मालिकेत असते, आणि त्या कामांना आयुष्य पाहिलेला चेहरा लागतो. चाळिशीनंतर सुरुवात केलेल्या दोन बायका माझ्या कार्यशाळेतून गेल्या, दोघींच्या वह्या पोरींपेक्षा जाड आहेत.

मुलीसाठी हे क्षेत्र सुरक्षित आहे का?

‘आहे’ म्हणाले तर खोटं, ‘नाही’ म्हणाले तर उद्यापासून तुम्ही तिला घरात बसवाल. मल्याळम चित्रसृष्टीतल्या स्त्रियांबद्दलचा न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल २०१९च्या शेवटी सरकारकडे गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. त्यात छळाबरोबर एक साधी गोष्टही होती: सेटवर बायकांना स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला जागा नसते. ते वाचून मला माझे बाहेरगावचे शूट आठवले, जिथे आम्ही सकाळपासून पाणीच प्यायचो नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा आहे. दहा किंवा जास्त माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. तुम्ही तिथे पगारी नोकर असायलाच हवं असं नाही. निर्मिती संस्थेला पहिल्या दिवशीच विचारा, तुमच्या समितीवर कोण आहे. नुसतं विचारल्यानंही समोरच्याची पाठ ताठ होते.

मला स्वतःला एकदा रात्री साडेनऊला ‘रोल समजावून सांगायला’ हॉटेलवर बोलावलं गेलं. मी म्हटलं, आई सोबत आहे, दोघी येतो. आई नागपुरात सक्करदऱ्याला झोपली होती. त्या भूमिकेचा पुन्हा फोन आला नाही. ऑडिशन दिवसा, ऑफिसात, इतर लोक असताना. बाकी कुठे नाही. जाताना पत्ता एका मैत्रिणीला पाठवून ठेवा, ती मैत्रीण आळशी नसावी.

लहान मुलीला बालकलाकार म्हणून मालिकेत पाठवू का?

कायद्यानं दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतले किमान २० टक्के मुलीच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावे लागतात. हे सगळं पाळून घ्यायची तुमची तयारी असेल तर पाठवा. आणि मुंबईत घर करून नवऱ्याला नागपुरात ठेवणार असाल तर आधी स्वतःला एकदा विचारा, की ही हौस कुणाची.

फॉलोअर्स किती हवेत?

हल्ली विचारतात खरं. पण वहीत रीलचा दिवस धरत नाही.

लग्न झाल्यावर चालतं का?

चालतं. मालिकेत लग्नासाठी आठ दिवस मिळतात, पात्राला तेवढे दिवस तीर्थयात्रेला पाठवतात. बाळंतपणाचं अवघड आहे. नोकरदार बाईला कायद्यानं २६ आठवडे पगारी रजा असते. आपण करारावर, दिवसावर काम करतो, त्यामुळे तो हक्क हातात येत नाही. काही जणी पोट दिसेपर्यंत शाल पांघरून, मग टेबलामागे बसून काम करतात. परत आल्यावर भूमिका तिथेच असेल याची हमी नसते. हे सासरच्यांना लग्नाआधी सांगावं, बैठकीतच.

चांगल्या घरच्या मुली जातात का हो तिकडे?

हा प्रश्न मला २१व्या शतकात आला, एका शिकलेल्या बाईकडून. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांना पहिल्या चित्रपटासाठी बाई मिळाली नाही, तारामती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. या कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी. घर चांगलं की वाईट याचा निकाल तेव्हाच लागला.

नागपूर सोडलं नाही तर काहीच होत नाही का?

मुंबई रेल्वेनं आठशे किलोमीटरच्या वर. संध्याकाळी दुरांतो नाही तर विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलात की सकाळी पोचता. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. मला जायचं होतं तेव्हा जनरलच्या डब्यात बॅगेवर बसून गेले होते. म्हणजे जवळ आलंय, पण ऑडिशनचा फोन ‘दोन तासांत येता का’ असा येतो, आणि त्याला अजून कुठलाच महामार्ग पुरत नाही. महिन्यात पंधरा दिवस काम मिळायला लागलं की राहायला जा. त्याआधी इथून नाटक, आकाशवाणी, झाडीपट्टी, डबिंग, स्थानिक जाहिराती.

तुम्ही परत का आलात?

वडिलांना पॅरालिसिस झाला. दोन महिन्यांसाठी आले होते. लोकांना वाटतं काम मिळेना म्हणून आली. त्या वर्षी वहीत १४० दिवस होते, हे मी कुणाला सांगत बसत नाही. इथे सांगितलं. अजूनही वर्षाला दोन-तीन कामं येतात, आजीची येऊ लागलीत.

पहिल्या रविवारी येताना काय आणायचं?

पाठ केलेला दोन पानांचा उतारा, तो कुठल्या गाजलेल्या नायिकेच्या नकलेत करू नका. पाण्याची बाटली, सुती सलवार-कुर्ता, केस बांधलेले, आणि एक शंभर पानी वही. सकाळी आठ म्हणजे आठ, सव्वाआठला दार बंद होतं. आई-बाबा आले तर चालतील, पण आत बसता येणार नाही. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तर्री-पोहे मिळतात, दहानंतर तर्री संपते.